धामणखेडची अकरा टनी आत्या

धामणखेड नगरपालिकेच्या रोडरोलरची सोमवारी सकाळी अकरा वाजता आत्या म्हणून नेमणूक झाली, आणि दुपारी दोनच्या आत ती रुसली.

नेमणूक रीतसर होती. जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, मुख्याधिकारी बाईंची हिरव्या शाईतली सही होती. रुसणंही तसं रीतसरच म्हणायला हवं, कारण आत्या म्हटली की ती रुसायचीच. अडचण फक्त वेळेची होती. तिडक्यांच्या मुलीचं बारसं दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी होतं, आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं नसतं, तर त्या मुलीचं नाव जन्मभरासाठी 'त्र्याहत्तर' पडणार होतं.

बातमी ऐकून नातेवाटप लिपिक अंबादास खोडके खुर्चीतून उठले, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि परत खुर्चीत बसले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या छातीत असं धडधडायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेचं पुढे येईलच.

धामणखेडला बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला भाड्याने घर मिळतं, नळाचं कनेक्शन मिळतं, पोरांना शाळा मिळते. नातेवाईक मात्र कोणी ट्रकमध्ये घालून आणू शकत नाही. म्हणून नगरपालिकेने नवागत कुटुंब साहाय्य केंद्र काढलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे नाती मिळतात. नमुना चार भरून दिला की कुटुंबाला एक मावशी, दोन काका, अर्ध्या दिवसाची एक आजी, आणि पहिले तीन महिने रस्त्यात गाठून 'काय, कुठे निघालात?' असं विचारणारा एक माणूस मंजूर होतो. कुटुंब अडचणीत असेल तर वर एक मामाही मिळतो. मामाने रविवारी भाजीची पिशवी घेऊन यायचं आणि निघताना 'काही लागलं तर सांगा' असं म्हणायचं. नियम सातप्रमाणे ते मनापासून म्हणावं लागतं.

मावशांचा तुटवडा कधी पडला नाही. एकशे बारा मावशा नोंदलेल्या होत्या आणि त्यांच्या प्रमुख इंदूमावशी गोसावी कोणालाही रिकामं बसू देत नसत. काका तर मागणीपेक्षा जास्तच होते, कारण काकांना विशेष काही करावं लागत नाही. ओढाताण व्हायची ती आत्यांची. आत्याला बाळाचं नाव ठेवावं लागतं, नाव ठेवलं की सगळ्यांचे धपाटे पाठीवर घ्यावे लागतात, आणि पुढे प्रत्येक कार्यात काही ना काही खोट काढावी लागते. एवढं काम कोण अंगावर घेईल? गावात नोंदलेल्या आत्या फक्त सहा. त्यातल्या एक मुलाकडे नाशिकला गेल्या होत्या, एकीचे गुडघे गेले होते, आणि उरलेल्या चौघी दिवाळीपासून केंद्रावर रुसल्या होत्या. केंद्राने चौघींना एकाच रंगाची साडी नेसवली होती. समजूत काढण्याची फाईल वर गेली होती आणि वरून अजून खाली आलेली नव्हती.

नेमक्या अशा दिवसांत प्रल्हाद तिडकेला मुलगी झाली. प्रल्हाद किनवटकडचा. इथल्या हळदीच्या गोदामात काटा सांभाळायला चार महिन्यांपूर्वी आलेला, वय एकोणतीस, सख्खी काय, चुलत काय, बहीण एकही नाही. बायको सुलक्षणा. दोघांना गावात केंद्राने दिलेल्या माणसांखेरीज ओळखणारं कोणी नव्हतं.

आणि नियम अकरा स्पष्ट होता. बाराव्या दिवशी सूर्यास्तापर्यंत आत्याने नाव न ठेवल्यास नोंदवहीतील अनुक्रमांक हेच मुलाचे नाव समजावे.

हा नियम एकदाच लागू झाला होता, आठ वर्षांपूर्वी. तीच खोडक्यांची पहिली धडधड. आत्याला द्यायच्या चिठ्ठीवर त्यांनी वॉर्ड आठऐवजी वॉर्ड तीन लिहिलं. आत्या बिचारी कर्तव्याची पक्की, ती वॉर्ड तीनमध्ये दिलेल्या घरी गेली. तिथे बारा दिवसांचं एक वासरू होतं, त्याच्या कानात तिने नाव सांगितलं. वॉर्ड तीनमध्ये आज मृणालिनी नावाची गाय आहे, आणि वॉर्ड आठमध्ये शेहेचाळीस नावाची मुलगी. ती आता तिसरीत शिकते. सकाळी शाळेला जाताना खोडके दिसले की ती म्हणते, "नमस्कार काका." तिच्या मनात काही नसतं. पण आठ वर्षांत खोडक्यांनी तिला नावाने हाक मारलेली नव्हती. नमस्कार म्हणताना ते चपलेचा अंगठा बघत.

म्हणून यावेळी त्यांनी शनिवार-रविवार घरी नियमावली वाचून काढली. आत्यासाठी अटी चार होत्या. ती पित्यापेक्षा वयाने मोठी असावी. तिचं गावात कायमचं वास्तव्य असावं. नगरपालिकेच्या कोणत्याही एका नोंदवहीत तिचं नाव असावं. आणि तिची दुसऱ्या कोणत्याही नात्यात नोंद नसावी. मावशी असेल तर आत्या होता येत नाही, दोन्ही घरांचं मीठ खाल्ल्यासारखं होतं.

अटींमध्ये आणखी काही लिहिलेलं नव्हतं. खोडक्यांनी पान उलटून मागेही पाहिलं.

मग त्यांनी कार्यालयाची सामान नोंदवही काढली. अग्निशामक बंब चांगला होता, पण तो नऊ वर्षांपूर्वी घेतलेला, म्हणजे प्रल्हादपेक्षा लहान. पाण्याची टाकी वयाने बसत होती, पण ती वॉर्ड पाचमध्ये कोणाची तरी आजी म्हणून आधीच लागली होती. पान चौदावर रोडरोलर सापडला. खरेदी एकोणीसशे एकाहत्तर. मुक्काम जुना जकात नाका. नात्यात नोंद, निरंक.

सोमवारी सकाळी त्यांनी प्रल्हादला बोलावून घेतलं.

"आत्या मिळाली," खोडके म्हणाले. आवाज शांत ठेवायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

"कुठं असतात?"

"जकात नाक्यावर. तुम्ही पाहिलं असेल. पिवळ्या."

प्रल्हादने आठवून पाहिलं. "त्या होय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "स्वभावाला कशा आहेत?"

"सरळ. वळायला थोडा वेळ लागतो."

"लागू द्या की. आमच्या गावाकडं तर वळतच नाहीत," प्रल्हाद म्हणाला, आणि त्याने सही केली.

अकरा वाजता आदेश निघाला. दोन वाजता सुभानभाई टोपी हातात घेऊन केंद्रात आले. सुभानभाई रोलरचे चालक, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. गावात नऊ वर्षं रस्त्याचं काम निघालं नव्हतं, तरी ते दर गुरुवारी नाक्यावर जाऊन तिला दहा मिनिटं सुरू ठेवत. का, असं कोणी विचारलं तर म्हणत, घरातलं माणूस आहे, चौकशी नको का करायला?

"अंबादासराव, ती बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या हँडलला उठणारी बाई आज अठरा हँडल मारले तरी हूं नाही की चूं नाही. तिच्या कपाळावर कागद कोणी चिकटवला?"

"आदेश आहे तो. नेमणुकीचा."

"डिंकाने?"

"जावकवाल्याने लावला असेल."

"आत्याला आमंत्रण असं देतात?" सुभानभाई बाकावर बसले. "माझ्या बहिणीला मी नुसता फोन केला होता, तर ती माझ्या मुलाच्या लग्नात अडीच तास रिक्षात बसून राहिली. उतरलीच नाही. आणि तुम्ही डिंक लावता?"

चूक खोडक्यांचीच होती. पाठवण्याच्या रकान्यात 'समक्ष' लिहायचं, तिथे त्यांनी घाईत 'बटवडा' लिहिलं होतं. पुन्हा रकाना, पुन्हा त्यांचंच अक्षर. ते फाईल घेऊन मुख्याधिकारी बाईंकडे धावले. धावले म्हणजे खरोखर धावले, शिपायाने दोन वेळा मागे वळून पाहिलं.

मुख्याधिकारी बाई नुकत्याच बदलून आलेल्या, सगळं कागदावर करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कामावर हजर होत नसेल तर कारणे दाखवा नोटीस द्या."

"बाई, आत्याला नोटीस दिली तर तिडक्यांच्या पुढच्या तीन पिढ्यांचं प्रत्येक कार्य अडेल."

"मग अशा वेळी काय करतात?"

"घरचे जातात. हळदीकुंकू लावतात, नारळ देतात, पाया पडतात."

बाईंनी थोडा विचार केला आणि फाईलवर लिहिलं, 'पाया पडण्यास मंजुरी. तातडीने.'

चार वाजता प्रल्हाद, खोडके आणि इंदूमावशी नाक्यावर पोचले. सुभानभाईंनी आदेश ओल्या फडक्याने अलगद सोडवून घेतला होता. इंदूमावशीने कपाळाला हळदीकुंकू लावलं. प्रल्हादने नारळ ठेवला आणि पुढच्या चाकावर डोकं टेकलं. खोडकेही वाकले. इंजिनाकडून काही नाही.

"आत्या," प्रल्हाद हात जोडून म्हणाला, "आम्ही नवीन माणसं. चुकलं. लेकीला नाव पाहिजे. तुम्ही नाही आलात तर तिला नुसता आकडा मिळणार."

सुभानभाईंनी इंजिनाच्या पत्र्याला कान लावला.

"काय म्हणतात?" खोडक्यांनी विचारलं.

"येते म्हणते. पण जुन्या कपड्यावर येणार नाही."

इंदूमावशीने कमरेला खोचलेली टेप काढली आणि आत्याभोवती एक फेरी मारली. दुसरी फेरी मारायला नको, इतकं माप पहिलीतच मिळालं. "तीन नऊवारी लागतील. जोडून," ती म्हणाली. "चाकं मोकळी ठेवायची, नाहीतर पदर अडकेल. रंग जांभळा. गावात तसा दुसरीकडे नको."

"दुसरीकडे नाही हे कशावरून कळणार?" खोडक्यांनी विचारलं.

"एकशे बारा मावशा आहेत माझ्याकडे. कपाट कोणाचं बघितलेलं नाही, ते सांगा."

मंगळवारी सकाळी खोडके पाटबंधारे वसाहतीत तिडक्यांच्या घरी गेले, तयारी बघायला. पाळणा टांगलेला होता. सुलक्षणा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ झोपेत ओठ हलवत होतं.

"आत्याबाई येतील ना, भाऊ?" तिने विचारलं.

"येतील. साडी शिवून होतेय."

"त्या काय नाव ठेवतील?"

"तो आत्याचा अधिकार. आपल्याला सुचवता येत नाही."

सुलक्षणाने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "काहीही ठेवू द्या. डांबराबाई ठेवलं तरी मी त्याच नावानं हाक मारीन. फक्त मोजता येणारं नको."

खोडके घड्याळात बघून उठले. सूर्यास्त सहा चौतीसला होता.

साडी दोन वाजता तयार झाली. ती नेसवायला अकरा मावशा आणि एक शिडी लागली. पावणेतीनला सुभानभाईंनी हँडल मारलं. एकदाच. आत्याने घसा साफ केल्यासारखा काळा धूर सोडला, अंग हलवलं आणि जकात नाक्यावरून नऊ वर्षांनी पाऊल उचललं.

तिडक्यांचं घर तिथून अडीच किलोमीटर. खोडक्यांनी हिशेब केला होता, आत्याची चाल ताशी तीन किलोमीटर धरली तरी चारच्या आत पोचू. पण हिशेबात त्यांनी आत्याला सरकारी वाहन धरलं होतं, आत्या धरलं नव्हतं.

पहिलाच खड्डा आला तशी ती थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तीनदा. खड्डा बुजला तेव्हाच तिने पुढची वाट धरली. दहा पावलांवर दुसरा खड्डा, पुन्हा तेच.

"सुभानभाई, सरळ घ्या ना," खोडके बाजूने चालता चालता म्हणाले. "वेळ जातोय."

"मी घेत नाहीये काही. मी नुसता बसलोय." सुभानभाईंनी दोन्ही हात वर करून दाखवले. "आत्या आहे ती. चार घरं ओलांडताना कोणाकडे काय उणं आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाईल का?"

गावाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. धामणखेडच्या रस्त्याला नऊ वर्षांचे खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला शेजारच्या घराचं नाव पडलेलं होतं. बायका कुंकवाची कोयरी घेऊन आणि पुरुष खडीची घमेली घेऊन दारात आले. बायका आत्याला कुंकू लावत, पुरुष तिच्या पुढ्यात खडी ओतत. "आत्या, आमच्याकडे पण," "आत्या, एवढा एक बघा, सासऱ्यांचा पाय याच्यातच मोडला," असं चाललं होतं. दाते गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. शाळा सुटलेली पोरं मागून नाचत होती आणि मागचा रस्ता इतका सपाट झाला होता की त्यांच्यातल्या एकाला त्यावर चालायची सवय नसल्याने तो पडला. खोडके कधी पुढे धावत, कधी मागे. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांना भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती, आणि दोन्ही एका वेळी वाटायची सोय त्यांच्या नोकरीत आजवर नव्हती.

पावणेसहाला वरात वसाहतीच्या अलीकडे, नाल्यावरच्या मोरीपाशी आली आणि आत्या आपणहून थांबली.

मोरीच्या कठड्यावर पाटी होती. 'भार मर्यादा आठ टन.'

आत्या अकरा टन. साडी वेगळी.

पलीकडे वसाहतीचा सरळ रस्ता, त्याच्या टोकाला तिडक्यांचं घर, दारात तोरण, दारातच प्रल्हाद उभा. सगळं दिसत होतं. अंतर पाव किलोमीटर. मोरीच्या कठड्याच्या या टोकाला पाय हलवत शेहेचाळीस बसली होती आणि हातातल्या चिंचेकडे न बघता आत्याकडे बघत होती.

खोडक्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, तर नजर घड्याळावर गेली.

"बाळाला इकडे आणा," सुभानभाई म्हणाले.

मुख्याधिकारी बाई गाडीतून उतरून तिथवर आल्या होत्या. "नाही आणता येणार," त्या म्हणाल्या. "नियम नऊ. आत्याने बाळाकडे यायचं आहे. बाळ आत्याकडे नेलं जाऊ नये. पाळणा ज्या घरी, नाव त्या घरी."

खोडक्यांना नियम नऊ पाठ होता. तो असाच होता.

"अहो, पण पाळण्याखालून बाळ देतातच ना?" इंदूमावशी म्हणाली. "एक बाई या बाजूनं देते, दुसरी त्या बाजूनं घेते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. तेव्हा बाळ पाळण्यातच असतं का? ते हातात असतं. तरी बारसं पाळण्याचंच म्हणतात."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग दोन बायकांत किती अंतर असावं आणि किती बायका असाव्यात, हे कुठे लिहिलंय?"

सगळ्यांनी खोडक्यांकडे पाहिलं. खोडक्यांनी नियमावली उघडली. यावेळी पान बरोबर निघालं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "संख्या निरंक. अंतर निरंक. बाई, हे नेणं होत नाही. हे देणं-घेणं आहे."

बाईंनी एक क्षण विचार केला. "चालू करा."

मग जे झालं ते धामणखेडने कधी पाहिलं नव्हतं. एकशे बारा मावशा पदर खोचून पाळण्यापासून रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि अर्ध्या वाटेवरच संपल्या. पुढे काका लागले. बावीस वर्षांत काकांना पहिल्यांदाच काम आलं होतं, आणि ते इतके भांबावले की काहींनी दोन्ही हातांत काय धरायचं हे आधी शेजारच्याला विचारून घेतलं. मग मामा, भाजीच्या पिशव्या खाली ठेवून. मग अर्ध्या दिवसाच्या आज्या, ज्यांची ड्युटी एक वाजताच संपली होती. तरी चार माणसांची जागा उरली. एका बाजूला शेवटची आजी, दुसऱ्या बाजूला आत्या, मध्ये मोरी, आणि मोरीवर कोणी नाही. खोडके आत्याजवळ उभे होते, नाव लिहून घेण्याचं काम त्यांचं होतं.

मोरीला लागूनच्या घराच्या ओट्यावर रुसलेल्या चार आत्या बसल्या होत्या. मजा बघायला आलेल्या, पण मजा येतेय असं न दाखवता. खोडक्यांनी हात जोडले. त्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पहिली उठली, चप्पल घातली, मागोमाग तिघी. चौघी मोरीवर येऊन उभ्या राहिल्या. कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"रुसवा कायम आहे," पहिली आत्या कोणाकडेही न बघता म्हणाली. "हे लिहून घ्या."

"घेतो," खोडके म्हणाले, आणि घेतलं.

सहा वाजून बावीस मिनिटांनी सुलक्षणाने बाळ पाळण्याखालून इंदूमावशीच्या हातात दिलं. "मानेखाली हात धरा, मावशी."

"गोविंद घ्या," इंदूमावशी म्हणाली.

"गोपाळ घ्या," पुढची म्हणाली.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मुलगी हातातून हातात निघाली. दुपट्यातून फक्त तिचं नाक दिसत होतं. मावशांच्या हातून ती पाण्यासारखी आली. काकांपाशी वेग जरा मंदावला, कारण प्रत्येक काका आधी शर्टाला हात पुसत होता. मध्ये कुठेतरी तिडक्यांना मंजूर झालेला तो चौकशी करणारा माणूस होता. त्याने बाळ घेतलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, कुठे निघालात?"

"अरे दे पुढं," मागचा काका म्हणाला.

सहा एकोणतीसला बाळ मोरीवर आलं. चौघी रुसलेल्या आत्यांनी ते एकीकडून दुसरीकडे दिलं. शेवटच्या आत्याने तोंड फिरवून ते खोडक्यांच्या हातात ठेवलं. पण दुपट्याचं सुटलेलं टोक तिने आधी खोचलं.

खोडक्यांनी बाळाला आत्याच्या जांभळ्या पदराजवळ नेलं. बाळ रडायला लागलं होतं. सुभानभाईंनी काही केलं नाही, त्यांचे हात मांडीवर होते. इंजिनाचा आवाज आपोआप खाली आला, आणखी खाली, पीठ चाळल्यासारखा झाला. रडणं थांबलं. बाळाचा कान आणि आत्या यांच्यात चार बोटं अंतर होतं, आणि खोडक्यांचा कान तिथून वीतभर.

आत्या बोलली.

सहा वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

"काय?" मुख्याधिकारी बाईंनी विचारलं. "काय म्हणाल्या?"

खोडक्यांनी वर पाहिलं. "मंजुळा," ते म्हणाले. मग नोंदवहीसाठी पूर्ण नाव म्हणाले, "मंजुळा प्रल्हाद तिडके."

ते नाव ओळीतून उलटं घराकडे निघालं. मोरीवरून आज्यांकडे, आज्यांकडून मामांकडे, मामांकडून काकांकडे, मावशांकडे, आणि पाळण्यापाशी उभ्या असलेल्या सुलक्षणापर्यंत पोचलं. तिने ते एकदा हळू म्हणून पाहिलं. मग पाळण्याची दोरी धरून ती हसायला लागली.

इकडे बायकांनी कुर्रर्र केलं आणि सगळं गाव आत्याच्या पाठीवर धपाटे घालायला धावलं. नाक्यापर्यंत आवाज गेला. "हळू," सुभानभाई ओरडत होते, "पत्रा आहे, पत्रा." आत्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

बाळ आल्या वाटेने परत निघालं. खोडक्यांनी नोंदवहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. आता आत्या नाक्यावर परत जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण इंजिन बंद झालं नाही. आत्या थोडी मागे सरली, पुढचं चाक हळूहळू डावीकडे वळवलं, आणि कठड्याच्या दिशेने निघाली. कठड्यावर शेहेचाळीस बसली होती.

मुलीने पाय हलवायचे थांबवले. चिंच खिशात ठेवली.

"हे काय?" मुख्याधिकारी बाई म्हणाल्या. "खोडके, हे नियमात बसत नाही. त्या मुलीचा बारावा दिवस होऊन आठ वर्षं झाली."

"हो बाई."

"मग थांबवा त्यांना."

"आपणच सांगावं, बाई," खोडके नम्रपणे म्हणाले. "पुढे उभं राहून."

बाईंनी पुढच्या चाकाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पर्समधून हिरवं पेन काढलं, खोडक्यांच्या हातातली नोंदवही घेतली, शेहेचाळीसचं पान काढलं आणि समासात लिहिलं, 'पाहिले.' खाली सही केली.

आत्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. मुलगी खाली उतरली, केस कानामागे सारले आणि पत्र्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला, मग खोडक्यांना जवळ बोलावून ऐकलेलं सांगितलं. सूर्य तेव्हा टाकीच्या, म्हणजे वॉर्ड पाचच्या आजीच्या, मागे गेला होता, पण पुरता मावळला नव्हता.

बुधवारी सकाळी तिसरीच्या वर्गात शाळेच्या बाईंनी शेहेचाळीस असं तीनदा पुकारलं. कोणी हजर म्हणालं नाही. बाईंनी गैरहजेरी मांडली आणि वर्गात एक मुलगी जास्त का भरतेय म्हणून पुन्हा मोजायला घेतलं.

त्याआधी तासभर, खोडके कार्यालयात निघाले असताना ती त्यांना रस्त्यात भेटली. सपाट रस्ता होता, त्यामुळे लांबूनच दिसली.

"नमस्कार काका."

खोडके थांबले. चपलेकडे न बघता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नमस्कार, पाकळी," ते म्हणाले.

तेवढ्यात समोरून सुभानभाई आले. टोपी हातात होती.

"अंबादासराव, ती परत बोलत नाही."

"आता काय झालं?"

"काल सगळं झालं, धपाटे झाले, पण जेवून जा असं एका माणसाने म्हटलं नाही. रिकाम्या तोंडाने नाक्यावर आली."

खोडक्यांनी कपाळाला हात लावला. समजुतीची फाईल, वर पाठवायची, बाईंची सही, मावशांची बैठक. ते मनातल्या मनात रकाने भरू लागले.

"राहू द्या, काका," पाकळी म्हणाली. तिने दप्तरातून पोळीभाजीचा डबा काढला, उघडून आत किती आहे ते पाहिलं आणि पुन्हा बंद केला. "मी जाऊन येते. माझी आत्या आहे."

आणि शाळेची घंटा व्हायला वेळ होता, म्हणून ती जकात नाक्याकडे पळत सुटली.